पुलर धरतो कुठे?

माझ्या धाकट्या भावाचं सोलापुरात गॅरेज आहे. मी कवितेच्या नादी लागलो, तो पाना-हातोड्याच्या. त्याच्या उजव्या भुवईवर एक वण आहे. तरुणपणी एका जीपच्या हाउसिंगमधलं बेअरिंग त्याने छिन्नी मारून काढायला घेतलं. बेअरिंगचं पोलाद कडक, त्याची कपची उडाली. डोळा थोडक्यात वाचला.

जीप-ट्रकच्या मागच्या चाकांच्या मधोमध जो फुगीर गोळा दिसतो, ते हाउसिंग. इंजिनाची ताकद तिथे दोन्ही चाकांकडे वळते. आत पिनियन हे लहान दातेरी चाक आणि क्राउन हे मोठं. जीपसारख्या गाडीत दोघांच्या दातांत साधारण 0.13 ते 0.25 मिलिमीटर मोकळीक लागते. म्हणजे वहीची दोन-तीन पानं. मोकळीक कमी पडली तर दात तापून झिजतात, जुळणी चुकली तर गाडी घुमते. ही जुळणी शिम नावाच्या पातळ चकत्यांनी साधतात.

खरी मेख पुढे आहे. जुन्या जीपमध्ये दोन्ही बाजूंच्या शिम बेअरिंगच्या खाली असतात. शिम बदलायची तर घट्ट बसलेलं बेअरिंग उपसायचं, पुन्हा दाबून बसवायचं, पुन्हा मोजायचं. हे चार-पाच वेळा. (माझी एखादी ओळही इतक्या वेळा उसवली जात नाही.)

पुलर किती टनांचा घ्यावा, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, ‘‘भाई, टन नंतर. तो धरतो कुठे, ते आधी बघ.’’

बेअरिंगचे रोलर एका पातळ पत्र्याच्या जाळीत असतात. साध्या पुलरचे पंजे त्या जाळीत अडकले, की ती चेपते आणि बेअरिंग भंगारात जातं. ओढ आतल्या कड्यालाच बसली पाहिजे. पुष्कळ गाड्यांत बाजूच्या बेअरिंगमागे समोरासमोर दोन खाचा ठेवलेल्या असतात. तिथे पातळ नाकाचा दोन पंजांचा पुलर चालतो; एरवी दणकट वाटणारा तीन पंजांचा तिथे शिरतच नाही. खाचा नसतील तर शिंपल्यासारखे दोन अर्धे असलेला पुलर घ्यावा. तो रोलरच्या बाहेरून मिटतो आणि कडं सगळीकडून सारखं धरतो. मधला स्क्रू टेकायला भोकावर जाड पोलादी चकती हवी, कारण तिथे आत पोकळ असतं.

पिनियनचं प्रकरण वेगळं. बेअरिंग आणि दातांमधली फट इतकी अरुंद, की पंजा जातच नाही. तिथे पाचरीसारख्या कडांचा दोन तुकड्यांचा स्प्लिटर लावतात आणि प्रेसखाली पिनियन दाबून बाहेर काढतात. कडांनी शिम वाकते, म्हणून ती मायक्रोमीटरने पुन्हा मोजावी. काही गाड्यांत मात्र हीच शिम बाहेरच्या कपामागे असते. तेव्हा हत्यार विकत घेण्याआधी गाडीची पुस्तिका उघडावी. आणि ओढताना बेअरिंगवर जाड फडकं टाकावं, डोळ्यांवर चष्मा हवाच.

भावाची आणखी एक युक्ती आहे. त्याच नंबरचं, त्याच कंपनीचं जुनं बेअरिंग घेऊन त्याचं आतलं भोक तो पॉलिश कागदाने घासतो, हाताने सरकेल इतपत. जुळणी जमेपर्यंत तेच वापरतो.

परवा एक जुनी जीप आली होती. पाचव्या खेपेला डायल गेजचा काटा हवा तिथे थांबला. मग त्याने हात पुसले आणि नवीन बेअरिंगचा डबा फोडला.