गढूळ पाण्यात दिवा किती चालतो?

बोटीखाली हिरवे एलईडी लावले, तर मासळी गोळा होते हे खरेच. प्रकाशाकडे तरंगजीव येतात, त्यांच्यामागे तारली, बांगडा, माकूल. स्वच्छ समुद्रात निळा रंग सर्वांत खोल जातो, गाळाच्या पाण्यात हिरवा. पण सातपाटीच्या किनाऱ्याला गाळाचे कण तोही विखुरतात. वॅट दुप्पट केले तरी पल्ला दुप्पट होत नाही. शिवाय पापलेट अडकते ते जाळे त्याला दिसत नाही म्हणून. उजेडाने जाळेच उघडे पडणार!

‘दुसरे लावतात, मग आम्हीच का मागे राहायचे?’ हा सवाल रास्त आहे. मात्र दिवा पिल्लू आणि मोठा मासा निवडत नाही. म्हणूनच 2017 मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी घातली. ती सर्वांवर सारखीच, कडकपणे लागू व्हायला हवी.