कानातला मळ : आधी बघा, मग काढा

श्रावण लागला की आमच्या कान-नाक-घसा विभागाच्या ओपीडीत एक तक्रार ठरलेली असते. "डॉक्टर, रामकुंडात बुडी मारली आणि कान बंद झाला." रामकुंडाच्या जागी कधी गावची विहीर असते, कधी पोहण्याचा तलाव, तर कधी नुसती डोक्यावरून केलेली अंघोळ. पुढचे वाक्यही ठरलेलेच : "मळ असेल, तेवढा काढून द्या."

बहुतेक वेळा तो मळच असतो. पण दर वेळी नसतो. हा फरक किती महाग पडू शकतो, हे सांगण्यासाठी आजचा लेख.

एका पावसाळ्यात, एकाच आठवड्यात माझ्याकडे दोन रुग्ण आले. पहिले निफाडकडचे सत्तरी ओलांडलेले शेतकरी. सोबत मुलगा आणि सून. "आबांना वर्षभरापासून ऐकू येत नाही. हाक मारली तर ओ देत नाहीत. कानाचं मशीन लिहून द्या," मुलगा म्हणाला. घरात आबांशी बोलणे जवळपास थांबलेच होते. नातवंडे खुणा करून जेवायला बोलवायची. मी कानात पाहिले, तर दोन्हीकडे पडदा दिसेचना. काळा, टणक मळ गुळाच्या खड्यासारखा बसलेला होता. मऊ करण्याचे थेंब दिले, चार दिवसांनी बोलावले आणि मळ काढला. सूनबाई दारापाशी नवऱ्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. आबा वळून म्हणाले, "हळू बोलून उपयोग नाही आता, सगळं ऐकू येतंय." नंतर श्रवणचाचणी केली. वयोमानाने थोडी घट होती, पण यंत्र लागेल इतकी नव्हती.

दुसरे गृहस्थ शहरातले, चाळिशीतले. एके दिवशी सकाळी उठले तर उजवा कान बंद. दुखत नव्हता, वाहत नव्हता, फक्त आत सूं असा आवाज. मळ असेल म्हणून घरी तेल टाकले. मग औषधाच्या दुकानातून थेंब आणले. असे पाच आठवडे गेले. माझ्याकडे आले तेव्हा कान अगदी स्वच्छ होता, पडदा चकचकीत. श्रवणचाचणीत मात्र त्या कानाची ऐकण्याची क्षमता जवळपास संपलेली दिसली. दोष नळीत नव्हता, आतल्या कानात आणि नसेत होता. अशा अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टेरॉइडचे उपचार असतात, पण ते पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत सुरू व्हावे लागतात. गुण सगळ्यांनाच येतो असे नाही. पण यांना तर ती संधीच मिळाली नाही. उपचार केले, तरी कान परत आला नाही.

दोघांचीही तक्रार एकच होती. फरक फक्त कानात दुर्बिणीने पाहिल्यावर कळला.

मळ म्हणजे घाण नव्हे

आपल्या भाषेनेच त्याला 'मळ' म्हटले, त्यामुळे तो घासून-पुसून काढायचा असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात कानाच्या नळीतल्या ग्रंथींचा चिकट स्राव, तेलकट पदार्थ आणि त्वचेच्या गळलेल्या पेशी यांचे ते मिश्रण आहे. मोठ्या माणसाची कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि मळ तिच्या फक्त बाहेरच्या तिसऱ्या भागात तयार होतो. तो किंचित आम्लधर्मी असतो, त्यामुळे जंतू आणि बुरशी सहसा वाढत नाहीत. तो धूळ अडवतो, पाणी त्वचेत मुरू देत नाही. आत शिरू पाहणारा किडाही त्यात अडकतो.

निसर्गाने सफाईची सोयही केली आहे. कानाच्या पडद्यावरची आणि नळीतली त्वचा वाढता वाढता हळूहळू बाहेर सरकते, साधारण नख वाढते त्या गतीने. तिच्यासोबत मळही बाहेर येतो. आपण चावतो, बोलतो तेव्हा जबडा हलतो, त्याचीही मदत होते. कानाच्या तोंडाशी आलेला मळ अंघोळीनंतर पंचाच्या टोकाने पुसला की झाले.

एखाद्याचा मळ ओला आणि चिकट असतो, तर एखाद्याचा कोरडा, कोंड्यासारखा. याचा स्वच्छतेशी संबंध नाही. एबीसीसी-११ नावाच्या एका जनुकावर ते ठरते, हे जपानी संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले.

मग मळ साचतो का? काहींची नळी मुळात अरुंद वा वाकडी असते. वयोमानाने मळ कोरडा होतो आणि कानातले केस राठ होतात. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांच्या आणि दिवसभर इअरफोन घालणाऱ्यांच्या कानात बाहेर येणारी वाट अडते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आवाजापासून बचावासाठी कानात बोंडे घालावी लागतात, ती जरूर घालावीत, पण अशा कामगारांनी अधूनमधून कान दाखवून घ्यावेत. ढोल पथकातली मुले कानात कापूस कोंबतात आणि विसर्जनानंतर आठवड्याने "कान बंद झाला" म्हणून येतात. चिमट्याने तो बोळा काढला की बंद कान उघडतो!

आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे आपला स्वतःचा हात.

कानकोरण्यापासून कॅमेऱ्यापर्यंत

माझ्या आजीच्या चंचीत अडकित्त्याशेजारी चांदीचे कानकोरणे असे. आठवडे बाजारात कान कोरणारा बसे. पेटीत काड्या, कापूस आणि तेलाची कुपी. हा धंदा जुना आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कंपनी शैलीच्या चित्रांतही कान कोरणारा आणि डोळे मिटून बसलेले त्याचे गिऱ्हाईक दिसते. कानातून 'खडा' काढून दाखवण्याची हातचलाखीही तितकीच प्रसिद्ध. त्या माणसाला मी दोष देत नाही, तो पोटासाठी करत होता. पण उन्हात बसून, बारीक नळीत, दिवा आणि भिंगाशिवाय सळई घालणे म्हणजे अंधारात सुरी चालवणे. तीच सळई न उकळता पुढच्या कानात जाते, हे वेगळेच.

१९२०च्या दशकात अमेरिकेत लिओ गर्स्टेनझँग यांनी कापूस गुंडाळलेली काडी बाजारात आणली. आज अशा बहुतेक डब्यांवर 'कानाच्या नळीत घालू नका' अशी सूचना छापलेली असते आणि आपण ती काडी नेमकी तिथेच घालतो. काडीच्या टोकाला थोडा मळ लागतो, तेवढे समाधान मिळते. उरलेला मळ मात्र बंदुकीत दारू ठासावी तसा आत ठासला जातो, अगदी पडद्यापर्यंत. जिथे मळ तयारच होत नाही, तिथे तो आपण नेऊन ठेवतो. शिवाय नळीची आतली त्वचा फार पातळ असते. ती खरचटली की जंतूंना दार उघडते. काडी कानात असताना मागून पोर येऊन आदळले आणि पडदा फाटला, असे रुग्ण मी पाहिले आहेत. दुचाकीची किल्ली, हेअरपिन, काडेपेटीची काडी यांबद्दल वेगळे सांगायला नको.

आता मोबाइलला जोडायचे कॅमेऱ्याचे कानकोरणे आले आहे. "आता तर दिसतंय ना?" असे लोक विचारतात. पडद्यावर चित्र दिसते, पण खोली कळत नाही. टोक मळावर आहे की कानाच्या पडद्यावर, हे ओळखायला सरावलेला हात लागतो. कानात पोकळ मेणबत्ती जाळून मळ ओढून घेण्याचा प्रकारही टाळा. तिच्यात शेवटी जे सापडते, ते मेणबत्तीचेच मेण असते. त्यात भाजण्याचा धोका आहेच.

डॉक्टरांचीही चूक होते

न बघता कानात हात घालण्याची चूक मीही केली आहे. नोकरीची पहिली वर्षे होती. हिवाळ्यातली सकाळ, बाहेर लांबलचक रांग. एका बाईंच्या कानातला मळ पिचकारीने काढायचा होता. पाणी पुरेसे कोमट आहे का, हे मी तपासले नाही. पिचकारी मारताच त्या "खोली फिरतेय" म्हणत खुर्चीतून घसरल्या आणि उलट्या करू लागल्या. "आधी कधी कान वाहिला होता का?" हा प्रश्नही मी विचारलेला नव्हता. पडदा शाबूत निघाला, हे माझे नशीब.

थंड पाण्याने चक्कर का येते, हे व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी शोधून काढले. कान धुताना रुग्णांना चक्कर येते आणि त्यांचे डोळे विशिष्ट दिशेने थरथरतात, हे त्यांनी टिपले. पाणी शरीरापेक्षा थंड असले की थरथर एका दिशेला, गरम असले की उलट. आतल्या कानातल्या द्रवात तापमानामुळे प्रवाह निर्माण होतो आणि तोल सांभाळणारी यंत्रणा फसते, हे त्यांनी ताडले. या कामासाठी त्यांना १९१४ सालचे नोबेल मिळाले. बातमी पोहोचली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. त्या दिवसापासून मी पिचकारीचे पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेतो. ते ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासच हवे.

मळ नीट कसा काढतात?

पहिली पायरी म्हणजे तपासणी. मळ टणक असेल तर तीन ते पाच दिवस मऊ करणारे थेंब देतात. थेंबांनी मळ फुगतो, त्यामुळे दोन दिवस कान आणखी बंद वाटतो. घाबरू नका. बुडी मारल्यावर कान बंद होतो, तोही याच कारणाने.

नंतरचे मार्ग तीन. कोमट पाण्याची पिचकारी, जिची धार पडद्यावर नव्हे तर नळीच्या मागच्या-वरच्या भिंतीवर सोडतात. दुसरा, उजेडात नीट बघत बारीक आकड्याने मळ काढणे. तिसरा, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक नळीने खेचून घेणे. यात घरघर मोठी वाटते, पण पाणी लागत नाही. पडद्याला छिद्र असेल, कानाची शस्त्रक्रिया झाली असेल, कान वाहत असेल किंवा एकाच कानाने ऐकू येत असेल, तर पिचकारी नको. हे डॉक्टरांना आपणहून सांगा. मळ काढताना खोकला आला तर दचकू नका. नळीच्या त्वचेत व्हेगस नसेची एक छोटी शाखा असते, तिला स्पर्श झाला की काहींना ढास लागते.

मळ निघाल्यावर पडदा पाहिलाच पाहिजे आणि तरीही ऐकू कमी येत असेल तर श्रवणचाचणी करायलाच हवी. श्रवणयंत्र घेण्याआधी किंवा दिव्यांग प्रमाणपत्रासाठी चाचणी देण्याआधी कान साफ असल्याची खात्री करा. नाहीतर मळाचाच बहिरेपणा कागदावर उतरतो.

घरी काय पाळावे

लसूण टाकून कढवलेले तेल कानात घालू नका. तान्ह्या बाळाच्या कानात तर कुठलेच तेल नको. पावसाळ्यात ओलसर, तेलकट कानात बुरशी झपाट्याने वाढते. खूप खाज सुटते आणि आत भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखे, काळे ठिपके असलेले काहीतरी दिसते. तो मळ नसतो, त्यावर थेंब वेगळे असतात. मधुमेहींनी विशेष जपावे. रात्री झोपू न देणारी कानदुखी हे त्यांच्यात हाडापर्यंत गेलेल्या गंभीर संसर्गाचे लक्षण असू शकते.

कानातून पू किंवा रक्त येणे, तीव्र वेदना, चक्कर, चेहरा वाकडा होणे आणि अचानक एका कानाने ऐकू न येणे, यांत एक दिवसही घरगुती उपायांत घालवू नका. एक सोपी खूण सांगतो. तोंड मिटून 'हं' असा सूर धरा. आवाज बंद कानात जास्त घुमला, तर अडथळा बहुधा मळाचा किंवा बाहेरचा. चांगल्या कानात जास्त घुमला, तर नसेची शंका घ्या आणि त्याच दिवशी निघा. ही केवळ खूण आहे, निदान नव्हे. आवाज बंद कानात घुमला तरी कान दाखवायचाच.

पैशाची अडचण सांगून कान दाखवणे टाळू नका. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत.

नाशिकचा पुढचा सिंहस्थ २०२७च्या पावसाळ्यात आहे. ज्यांच्या कानात मळ साचतो, त्यांनी स्नानाच्या महिनाभर आधी कान तपासून घ्यावेत. पडद्याला छिद्र असलेल्यांनी बुडी मारू नये. व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवून तांब्याने पाणी घ्यावे आणि घरी आल्यावर तो बोळा आठवणीने काढावा. स्नानानंतर कान बंद झाला आणि दुसऱ्या दिवशीही उघडला नाही, तर तेलाच्या बाटलीकडे हात नेण्याआधी तो कुणाला तरी दाखवावा.