पेटीतले मासे तळ्यात सोडताना

घरात माशांची काचेची पेटी येते तेव्हा सगळ्यांनाच तिचे कौतुक असते. मुले शाळेतून आली की दप्तर टाकून आधी पेटीपाशी धावतात. सकाळी चिमूटभर खाणे टाकायचे काम आजोबा स्वतःकडे घेतात. आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी मासे दाखवले जातात. पुढे परीक्षा येतात, पाणी बदलायचा कंटाळा येऊ लागतो, हवेचा पंप बिघडतो, बोटाएवढा आणलेला मासा वीतभर होतो आणि एक दिवस बदलीचा हुकूम हातात पडतो. आता या माशांचे करायचे काय? मारवत तर नाहीत, आणि फुकट दिले तरी कुणी घेत नाही. मग घरातलेच कुणीतरी म्हणते, "तळ्यात सोडून देऊ. बिचारे मोकळे तरी होतील."

जबलपूरच्या गोहलपूर भागात राहणाऱ्या कुटुंबाला त्यासाठी लांब जायचीही गरज नाही. आधारताल जवळच आहे. गोंड राजवटीपासून हे शहर तळ्यांचे म्हणून ओळखले जाते. जुने लोक आजही 'बावन्न तालांचे जबलपूर' असेच म्हणतात. आधारताल राणी दुर्गावतीचा मंत्री आधारसिंह याच्या नावाचा, रानीताल खुद्द राणीचा आणि चेरीताल तिच्या दासीचा, असे सांगितले जाते. यातल्या कित्येक तळ्यांवर आता वस्त्या उभ्या आहेत आणि तळ्याचे फक्त नाव उरले आहे. जी तळी शिल्लक आहेत ती बंदिस्त हौद नव्हेत. पावसाळ्यात ती भरतात, नाले दुथडी वाहू लागतात आणि शहराच्या उत्तरेकडचे पाणी परियट आणि हिरन या नद्यांतून शेवटी नर्मदेला मिळते. म्हणजे गोहलपुरात बादलीभर पाण्यासह सोडलेला मासा गोहलपुरातच राहील याची खात्री कुणालाच देता येणार नाही. आणि नर्मदा म्हणजे महसीरचे घर. २०११ मध्ये मध्य प्रदेशाने या माशाला राज्याचा मासा म्हणून मान दिला, तो मुळात त्याची संख्या घटत चालली म्हणूनच.

सोडलेल्या माशाचे काय होते?

बहुतेक मासे मरतात, हे आधी सांगून टाकलेले बरे. गोल्डफिश चीनमध्ये हजारएक वर्षे माणसाच्या हाताखाली वाढलेला मासा आहे. लांब झुपकेदार शेपटीचे, फुगीर डोळ्यांचे त्याचे शोभिवंत प्रकार जोरात पोहूही शकत नाहीत. भडक केशरी रंग गढूळ पाण्यातही उठून दिसतो आणि खंड्या किंवा बगळा पहिल्याच दिवशी त्याचा निकाल लावतो. ठरल्या वेळी दाणे खायची सवय लागलेल्या माशाला अन्न शोधणेही ठाऊक नसते. तेव्हा आपण त्याला मोकळे केले हे समाधान बहुधा आपल्यापुरतेच असते.

खरी अडचण जे मासे जगतात त्यांची आहे.

थंड देशांत पेटीतले उष्ण प्रदेशातले मासे नदीत सोडले तर बरेचसे पहिल्याच हिवाळ्यात मरतात. आपल्याकडे ती सोय नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉनच्या खोऱ्यातून आलेल्या माशाला आपले कोमट, गढूळ पाणी परके वाटतच नाही. जलपर्णीचा अनुभव यापेक्षा वेगळा कुठे आहे? तीही दक्षिण अमेरिकेतलीच. जांभळ्या फुलांच्या शोभेसाठी लोकांनी ती हौसेने आणली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये पोहोचली. आज मुळा-मुठेपासून इंद्रायणीपर्यंत ती काढण्यासाठी नगरपालिका दरवर्षी पैसे मोजतात. जलपर्णी पाण्यावर तरंगते, म्हणून दिसते. मासा पाण्याखाली असतो. तो जाळ्यात येईपर्यंत कुणाला पत्ताच लागत नाही.

'पेटी साफ ठेवणारा' पाहुणा

दुकानदार ज्याला सकर म्हणतात तो काळपट, ठिपकेदार मासा बहुतेक पेट्यांमध्ये असतो. दोन-तीन इंचांचा असताना तो काचेला तोंड चिकटवून शेवाळ खात बसतो, म्हणून 'पेटी साफ ठेवतो' अशी त्याची शिफारस केली जाते. तो दीड फुटापर्यंत वाढतो, हे मात्र विकत घेताना कुणी सांगत नाही. घरच्या पेटीत एवढा मासा मावणार कुठे? त्यामुळे नदीत किंवा तळ्यात सोडल्या जाणाऱ्या माशांत त्याचा क्रमांक फार वर लागतो.

या माशाच्या अंगावर मऊ खवले नसतात, हाडांच्या तकटांचे चिलखतच असते. पंखांना टणक काटे असतात. एखादा पक्षी किंवा मोठा मासा त्याला सहजासहजी गिळू शकत नाही. पाण्यातला प्राणवायू संपला तर तो वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून श्वास घेतो. त्यामुळे इतर मासे तडफडून मरतात अशा सांडपाण्यातही हा जगतो, पाण्याबाहेर कित्येक तास तग धरतो. अंडी घालण्यासाठी तो काठाच्या मातीत लांब बिळे करतो आणि नर त्यांच्यावर पहारा देतो. अंडी सुरक्षित राहतात, काठ मात्र आतून पोखरला जातो. तळ खरवडून खाताना इतर माशांनी चिकटवलेली अंडीही त्याच्या पोटात जातात. गंगेत तो वाराणसीजवळ सापडला आहे, पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत आहे, दक्षिणेतल्या तळ्यांत आहे. त्याला इथे आणणाऱ्या कुणाचेही नाव कुठे नोंदलेले नाही. सगळी घरगुतीच कामगिरी!

महाराष्ट्रातही गेल्या काही वर्षांत सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाच्या फुगवट्यात हा सकर मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे. भीमा नदीवरचे हे धरण १९८० मध्ये पुरे झाले. भिगवणला रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्यांना त्याचा पसारा ठाऊक असेल. इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत या तालुक्यांतल्या काठच्या गावांतली कितीतरी भोई कुटुंबे या पाण्यावर जगतात. आणि पुण्यातली मुळा-मुठा भीमेला मिळून शेवटी इथेच येते. पुण्याच्या सोसायट्यांमधल्या पेट्यांचा आणि उजनीच्या जाळ्याचा संबंध असा सरळ पाण्याचाच आहे.

बाजारात या माशाला किंमत नाही. चिलखत फोडून आतून निघणारे मांस थोडे, आणि त्याचे रूप पाहून गिऱ्हाईक पुढे सरकते. पण जाळ्याचे नुकसान तो पुरेपूर करतो. काटे नायलॉनच्या धाग्यांत असे अडकतात की सोडवताना हात रक्ताळतात. शेवटी धागे कापावे लागतात. रात्री टाकलेले जाळे पहाटे ओढावे, त्यात विकाऊ माशांऐवजी सकर निघावेत आणि उरलेली सकाळ भोके शिवण्यात जावी, अशी ही कमाई. पेटी विकत घेणाऱ्याची हौस काही शे रुपयांची असते. तिचे उरलेले बिल असे दुसऱ्याच घरी जाते.

भोपाळचे उदाहरण त्याहून चमत्कारिक आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथल्या बड्या तलावात गळाला एक मासा लागला. त्याचे तोंड मगरीसारखे लांब आणि दातेरी होते. तो निघाला उत्तर अमेरिकेतला अॅलिगेटर गार. हा मासा आठ फुटांपर्यंत वाढतो, इतर मासे खाऊन जगतो आणि त्याची अंडी विषारी असतात. भोपाळला सापडलेला जेमतेम दीड फुटाचा होता, म्हणजे पोरच म्हणायचे. बडा तलाव म्हणजे राजा भोजाचे नाव सांगणारे, रामसर यादीत असलेले आणि शहराला पिण्याचे पाणी देणारे तळे. अमेरिकेतला मासा तिथे पोहत येणे शक्य नाही. शोभेचा म्हणून कुणीतरी पाळला असणार आणि आवरेनासा झाल्यावर सोडला असणार, असाच तर्क तेव्हा सगळ्यांनी केला.

आपले मासे मागे का पडतात?

आपल्या नद्यांतले रोहू, कटला, मृगळ हे काही दुबळे मासे नव्हेत. पण त्यांचा संसार पावसावर चालतो. जोराचा पाऊस झाला, नदीला लोंढा आला, पाणी काठावरच्या गवतात पसरले की ते अंडी घालतात, आणि तेही वर्षातून एकदा. धरणाने लोंढा अडवला किंवा पाऊस लांबला की ते वर्ष वाया जाते. मृग चुकलेल्या शेतकऱ्यासारखी त्यांची गत होते.

आता तिलापियाकडे पाहा. उजनीकाठी याला चिलापी म्हणतात. हा आफ्रिकेतला मासा दोन-तीन महिन्यांत वयात येतो आणि वर्षातून अनेकदा वितो. त्याला लोंढा नको, गवत नको. मादी अंडी स्वतःच्या तोंडात धरून फिरते आणि पिल्ले पोहू लागली तरी धोका दिसताच त्यांना पुन्हा तोंडात घेते. साचलेले, मळलेले पाणी त्याला चालते. अशा माशाशी वर्षातून एकदाच विणाऱ्याने स्पर्धा करायची तरी कशी?

हा मासा मात्र कुणाच्या पेटीतून निसटलेला नाही. १९५२ मध्ये तो अन्न म्हणून मुद्दाम भारतात आणला गेला. त्याचा प्रताप लक्षात आल्यावर १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी आली, पण तोवर तो पाण्यात पसरला होता. सात वर्षांची ही कथा आहे. आज उजनीच्या बाजारात चिलापीच मुबलक असते आणि अनेक घरांची चूल तिच्यावरच पेटते. म्हणून परका मासा तेवढा वाईट, असे सरसकट म्हणता येत नाही.

हिमाचलातल्या भाक्रा धरणाच्या गोविंदसागर जलाशयात १९७१ मध्ये पुरामुळे सिल्व्हर कार्प हा चिनी मासा सरकारी मत्स्यबीज केंद्रातून निसटला. पुढे तिथे माशांचे एकूण उत्पादन वाढले. पण कटला मागे पडला आणि जाळ्यात बहुतांश सिल्व्हर कार्पच येऊ लागला. फायदा झाला की तोटा, हे कुणाला विचारता त्यावर आहे. पण घडलेले परत फिरवता आले नाही, यावर दुमत नाही.

डासांसाठी सोडल्या जाणाऱ्या माशांचेही तेच. हिवतापावर उपाय म्हणून गंबुशिया १९२८ मध्ये इटलीहून भारतात आणला गेला. गप्पी तर त्याआधीच आला होता आणि आजही नगरपालिका त्याचे वाटप करतात. घरच्या हौदात किंवा सिमेंटच्या टाकीत गप्पी ठेवायला हरकत नाही. तळ्यात आणि ओढ्यात मात्र डासांच्या अळ्या खाणारे आपले छोटे मासे पूर्वीपासून आहेत. डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेला एक मासा मुले ओढ्यात ओंजळीने पकडतात, तो त्यातलाच. त्याच्या शेजारी हे परदेशी भाडेकरू आणून बसवण्याआधी थोडा विचार व्हायला हवा होता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

थाई मागूर म्हणून विकल्या जाणाऱ्या आफ्रिकी मागूरवर केंद्र सरकारने २००० मध्ये बंदी घातली. तरीही कत्तलखान्यातल्या घाणीवर तो चोरून वाढवला जातो. तळ्याचा बांध फुटला की हा मांसभक्षक थेट नदीत जातो. दिसायला तो देशी मागूरसारखाच असतो, त्यामुळे बाजारात स्वस्त मागूर दिसला तर खात्री करून घ्यावी.

मग काय करावे?

जगभर हीच डोकेदुखी आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बर्न्सव्हिल या गावाने २०२१ मध्ये तळ्यातून काढलेल्या भल्यामोठ्या गोल्डफिशची छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि पाळलेले मासे तळ्यात सोडू नका, अशी नागरिकांना विनंती केली. घरच्या पेटीत तळहाताएवढा राहणारा गोल्डफिश तिथे फुटबॉलएवढा झाला होता.

आपल्याकडे सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ज्या दुकानातून मासे आणले तिथेच परत द्यायचे. पैसे मिळणार नाहीत, पण अनेक दुकानदार मासे ठेवून घेतात. घेताना तसे विचारून ठेवले तर नंतर घासाघीस होत नाही. शाळेत, दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात किंवा कार्यालयात पेटी असेल तर तिथेही विचारता येते. बदलीची शक्यता असलेल्या घरांनी सकर आणि झपाट्याने वाढणारे मासे मुळात आणूच नयेत. दुकानदाराला 'हा दिसतो छान' यापेक्षा 'हा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो?' हे आधी विचारावे.

पेटीचे पाणी बदलताना ते नाल्यात ओतू नये. त्यात अंडी, गोगलगायी आणि पाणवनस्पतींचे तुकडे असतात. तेच पाणी कुंड्यांना घातले तर झाडांना खत मिळते. आजारी मासा वाचणार नसेल तर लवंगेच्या तेलाने त्याला गुंगी देऊन वेदनेशिवाय संपवता येते, पण प्रमाण पशुवैद्यकाला विचारून ठरवावे. मेलेला मासा परसात किंवा मोठ्या कुंडीत पुरावा.

आणि रविवारी गळ घेऊन बसणाऱ्यांसाठी एक सूचना. अंगावर चिलखत असलेला किंवा मगरीच्या तोंडाचा मासा लागला तर दया येऊन त्याला परत पाण्यात टाकू नका. त्याचे छायाचित्र घ्या, जागा आणि तारीख लिहून ठेवा आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात ते पोहोचते करा. काटे धारदार असतात, त्यामुळे पकडताना हाताला जाड फडके गुंडाळायला विसरू नका.