योसेफची सही

ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात 'केनिकट 1' या क्रमांकाने नोंदलेली हिब्रू बायबलाची एक पोथी आहे. चर्मपत्रावर लिहिलेली, 922 पृष्ठांची. ती संपत आली की एक आख्खे पान समोर येते आणि त्यावर एकच वाक्य आहे. योसेफ इब्न हय्यीम सांगतो आहे की हे पुस्तक मी चित्रांनी सजवले आणि पुरे केले. पण हे वाक्य वाचायला वेळ लागतो, कारण त्याचे एकेक अक्षर उघड्यावाघड्या माणसांच्या, जनावरांच्या, पाखरांच्या आणि कुठल्याच रानात न सापडणाऱ्या प्राण्यांच्या अंगांतून वळवले आहे. कुणी वाकला आहे, कुणी हात ताणला आहे, आणि त्यातून चित्रकाराचे नाव उमटते आहे. पवित्र ग्रंथाच्या पोथीत ही माणसे कशी चालली, हा प्रश्न पडतोच. त्याहून मोठा प्रश्न असा, की एका चित्रकाराला स्वतःच्या नावासाठी अख्खे पान मिळाले कसे?

कारण पोथी ज्याने लिहिली त्यानेही आपले नाव सोडले आहे, पण चारचौघांसारखे. मोशे इब्न झबारा हा लेखनिक. स्पेनच्या वायव्य टोकाला, गॅलिसियातल्या ला कोरुन्या या बंदरात, 24 जुलै 1476 रोजी त्याने काम संपवले. बायबलाची चोवीस पुस्तके, स्वरचिन्हे आणि समासातल्या टिपा असे सगळे त्याच्या एकट्याच्या हातचे. दिवंगत डॉन शलोमो दी ब्रागा यांचा तरुण मुलगा इसहाक याच्यासाठी पोथी केली, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. पैसे इसहाकचे, अक्षर मोशेचे, आणि पान योसेफचे.

सभास्थानात वाचायची तोरा ही गुंडाळी असते. तिच्यात चित्र नाही, नक्षी नाही, स्वरचिन्हेसुद्धा नाहीत. पुण्याच्या लाल देवळात किंवा अलिबागच्या इस्राएल आळीतल्या सभास्थानात ज्यांनी ती उघडलेली पाहिली असेल त्यांना तिच्यावरची काळी कोरडी अक्षरे आठवतील. तिथे नियम कडक आहेत आणि चित्रकाराला जागाच नाही. घरी, अभ्यासासाठी ठेवायची पाने शिवलेली पोथी मात्र या नियमांच्या बाहेर. तिच्यात सोने लावा, सिंह काढा, मोर काढा, कुणाची ना नाही. हिब्रू चित्रकलेचा इतका मोठा संसार उभा राहिला तो या सवलतीवर. यहुदी धर्मात प्रतिमांना बंदी, म्हणून चित्रकला नाही, असे जे सरसकट सांगितले जाते ते या पोथ्या पाहिल्या की टिकत नाही.

स्पेनमधले हिब्रू लेखनिक पिसाच्या टाकाने लिहीत नसत. तो रिवाज जर्मनी-फ्रान्सकडच्या यहुद्यांचा. स्पेनमध्ये शतकानुशतके अरबांचा शेजार होता, म्हणून हातात बोरू. बोरूची आडवी-उभी रेघ जवळजवळ सारख्या जाडीची येते आणि अक्षर चौकोनी, ठाम बसते. मोशेच्या पानांवर मजकुराचे दोन रकाने आहेत, आणि त्यांच्या वर, खाली व मधल्या जागेत बारीक अक्षरांच्या टिपा. या टिपा म्हणजे मसोरा. अमुक शब्द या रूपात किती वेळा येतो, कुठे एक अक्षर जास्त लिहितात, कुठे कमी, याची ती वही. तोराच्या सगळ्या अक्षरांमधले मधले अक्षर लेवीय या पुस्तकात कुठे पडते इथपर्यंत परंपरेने मोजून ठेवलेले. पाठ जराही ढळू नये म्हणून वैदिकांनी पदपाठ आणि घनपाठ केले. यहुद्यांनी तेच काम समासात, मुंगीएवढ्या अक्षरांत केले. पुढे स्पेनच्या लेखनिकांना या मुंग्यांची रांग सरळ चालवण्याचा कंटाळा आला असावा. त्यांनी मसोराच्याच ओळी वळवून वेली, गाठी आणि भौमितिक जाळ्या काढायला सुरुवात केली. लांबून ती रेघ दिसते. भिंग लावले तर शब्द.

ख्रिस्ती पोथ्यांचा चित्रकार इथे आला असता तर अडला असता. लॅटिन बायबलात प्रकरणाचे पहिले अक्षर मोठे करायचे, त्याच्या पोटात प्रसंग रंगवायचा, शेपटीतून वेल सोडायची, हा त्याचा हुकमी डाव. हिब्रूत मोठी लिपी आणि लहान लिपी असा भेदच नाही, त्यामुळे फुगवायला पहिले अक्षर नाही. मग हिब्रू चित्रकाराने सजवले काय? कधी पुस्तकाच्या पहिल्या शब्दाची आख्खी चौकट, कधी साप्ताहिक वाचनाचा भाग जिथे सुरू होतो तिथला समास, आणि कधी मजकूर संपल्यावर उरलेली रिकामी जागा. शिवाय ज्यांवर अक्षरच नाही, फक्त नक्षी आहे, अशी गालिच्यासारखी पूर्ण पाने. त्यांची भूमिती सरळ मुसलमान कारागिरांच्या घरची आहे.

केनिकट पोथीत एकूण 238 सजवलेली पाने आहेत. सोन्याचा वर्ख आणि चांदीचा वर्ख दोन्ही वापरले आहेत. वर्खाचे काम नेहमी आधी होते. खाली उंचवटा द्यायचा, त्यावर वर्ख बसवायचा, घासून चमकवायचा आणि मगच रंगाची कुंचली उचलायची. उलट केले तर वर्ख ओल्या रंगाला चिकटतो आणि घासताना रंग उडतो. म्हणजे योसेफच्या पानावर सोने दिसते ते शेवटचा साज म्हणून नव्हे, चित्राचा पाया म्हणून. त्या आधी मोशेने जागा सोडलेली असणार, तीही कुठे किती हे ठरवून. दोघे एकमेकांच्या हाताशी बसून काम करत होते, असे पाने पाहून तरी वाटते.

प्रसंगचित्रे थोडी आहेत आणि ती पानाच्या कडेला, छोटी. योनाला मासा गिळतो आहे. बलाम हा परका भविष्यवेत्ता हातात अ‍ॅस्ट्रोलेब, म्हणजे आपल्या ज्योतिषांचे यंत्रराज, धरून बसला आहे. बायबलात या यंत्राचे नावही नाही. पण पंधराव्या शतकातल्या स्पेनमध्ये ग्रहताऱ्यांचे गणित करणारा माणूस दाखवायचा तर हातात तेच हवे. आणि सिंहासनावर बसलेला दावीद राजा. हा दावीद कुठून आला ते अभ्यासकांनी शोधून काढले आहे: जर्मनीत छापल्या जाणाऱ्या खेळायच्या पत्त्यांतल्या राजावरून. ला कोरुन्या हे बंदर होते. इंग्लंडकडून सांतियागोच्या यात्रेला निघालेले भाविक जहाजाने इथे उतरत. अशा गावात पत्त्यांचा जोड कुणाच्या ना कुणाच्या खिशातून येणारच. पत्त्यातला राजा उचलून इस्राएलचा राजा म्हणून बसवायला योसेफला काही वावगे वाटले नाही.

आता त्या सहीकडे. तिची कल्पना योसेफची नव्हती.

लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणखी एक हिब्रू बायबल आहे, 1804 साली विकत घेतलेले. कातालोनियातल्या सर्व्हेरा गावी ते लिहायला घेतले 30 जुलै 1299 रोजी आणि संपले मे 1300 मध्ये. लेखनिक शमुवेल बेन अब्राहाम इब्न नाथान याने शेवटी नोंद केली आहे की त्या काळात त्याच्या नडगीचे हाड मोडलेले होते. मोडक्या पायाने माणूस दहा महिने हलला नाही, म्हणून पोथी इतक्या लवकर झाली, अशी शंका मला नेहमी येते. या पोथीचा चित्रकार योसेफ हझारफाती. आडनावावरून घराणे फ्रान्सचे. त्याने जखऱ्या संदेष्ट्याला दिसलेला सोन्याचा दीपवृक्ष दोन जैतुनांच्या मध्ये पानभर काढला, आणि पोथीच्या शेवटी पानभर आपली सही केली, प्राण्यांच्या अंगांतून घडवलेल्या अक्षरांत.

दोन योसेफ, मध्ये 176 वर्षे आणि जवळजवळ सगळा स्पेन. पण सर्व्हेराच्या पोथीत 1439 साली ला कोरुन्यात झालेल्या एका बाळाच्या जन्माची नोंद कुणीतरी लिहून ठेवली आहे. म्हणजे ती पोथी देश ओलांडून नेमकी याच बंदरात, कुणाच्यातरी घरी येऊन पडली होती. इसहाकने ती पाहिली असावी आणि मलाही अशीच करून द्या, असा हट्ट धरला असावा, हा तर्क बहुतेक अभ्यासकांना पटतो.

ही नक्कल नव्हे, हे दोन्ही पाने शेजारी ठेवली की कळते. हझारफातीची माणसे गोलाईची आहेत. कपड्यांना सावल्या आहेत, अंगाखाली हाडे आहेत. इब्न हय्यीमची माणसे सपाट. रंग एकाला एक खेटून, सावली नाही, अंतर नाही, डोळे नक्षीचाच भाग. काहींनी याला कौशल्याची उणीव म्हटले आहे. मला ते पटत नाही. ज्याच्यासमोर गोलाईचा नमुना उघडा होता आणि तरी ज्याने एकही रेघ चुकीच्या जागी टाकली नाही, त्याने सपाटपणा निवडला असे म्हणणेच सरळ आहे. त्याला गोष्ट सांगायची नव्हती. पान भरायचे होते.

आणि पान भरायची त्याची हौस सगळ्यात मोकळी सुटली ती बायबलात नव्हे, व्याकरणात. दोन्ही पोथ्यांत दावीद किम्हीचा 'मिखलोल' हा हिब्रू व्याकरणाचा ग्रंथ जोडलेला आहे. केनिकट पोथीत तो सुरुवातीला आणि शेवटी येतो. क्रियापदांची रूपे कमानींच्या चौकटीत, खांबांच्या मध्ये लिहिली आहेत आणि कमानींवर, खांबांखाली पशुपक्ष्यांची नुसती जत्रा भरली आहे. ज्या मुलाला ही रूपे पाठ करायची होती त्याचे लक्ष कुठे राहिले असेल ते सांगायला नको. पवित्र मजकुराशेजारी हात आखडता घ्यावा आणि धातुरूपांशेजारी सैल सोडावा, हा हिशेब मला अगदी माणसाचा वाटतो.

पोथी बांधली ती पेटीसारखी. बकऱ्याच्या कातड्याचे वेष्टन सहाही बाजूंनी, त्यावर ठसे उमटवलेले. ते मूळ बांधकाम आजही आहे. बहुधा त्यानेच पोथी वाचवली, कारण पुढे तिला प्रवास घडला. ज्या वर्षी ती पुरी झाली त्याच वर्षी स्पेनमधल्या ग्वादालाहारात हिब्रू पुस्तक छापले गेले. हाताने लिहायचा काळ सरत आलाच होता. पण छापखान्याआधी राजाज्ञा आली. 31 मार्च 1492 रोजी फर्दिनांद आणि इसाबेला यांनी हुकूम काढला: यहुद्यांनी बाप्तिस्मा घ्यावा, नाहीतर जुलैअखेर देश सोडावा. पोथी तेव्हा सोळा वर्षांची होती. ला कोरुन्यातला तो छोटा समाज गेला, त्याच्याबरोबर पोथीही गेली, आणि पुढची जवळजवळ तीन शतके ती कुठल्याच कागदात दिसत नाही.

ती पुन्हा वर येते इंग्लंडमध्ये, बेंजामिन केनिकट या पाद्र्याच्या हाती. ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ ग्रंथालयाचा हा ग्रंथपाल हिब्रू बायबलाच्या शेकडो हस्तलिखितांतले पाठभेद अक्षराला अक्षर लावून ताडून पाहत होता. त्याचे दोन खंड 1776 ते 1780 या काळात निघाले. 1771 साली त्याच्यामार्फत ही पोथी रॅडक्लिफने घेतली. 1872 मध्ये ती बॉडलियनकडे आली. केनिकटला हवी होती ती मोशेची अक्षरे. चित्रांचे त्याला काही पडले असेल असे त्याच्या खंडांवरून तरी दिसत नाही. पण नाव पोथीला लागले ते त्याचेच. मला यात किंचित अन्याय दिसतो, इतकी मोठी सही करून ठेवल्यावर तरी.

चित्रांची दखल घेतली विसाव्या शतकाने. 1985 मध्ये लंडनच्या एका प्रकाशनसंस्थेने तिची हुबेहूब प्रतिकृती काढली, पेटीच्या बांधणीसकट, 550 प्रती. 2019 साली मूळ पोथी सांतियागो दे कोम्पोस्तेलाच्या प्रदर्शनासाठी गॅलिसियात परत आली, 500 हून अधिक वर्षांनी. त्या वेळी तिथल्या वर्तमानपत्रांनी तिला आपली म्हटले, हे वाचून थोडी गंमत वाटली.

बॉडलियनने पूर्ण पोथी संगणकावर सर्वांसाठी मोफत खुली केली आहे. लिस्बनची सर्व्हेरा पोथीही तशीच पाहता येते. बघायला बसलात तर सही शेवटी ठेवा. आधी व्याकरणाची पाने काढा, कमानीखाली कोण कोण आहे ते मोजा, मग योना, मग दावीद. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे पाने उलटताना सुरुवातीला बोट चुकीच्या बाणावर जाते.