पूल हलतोय? हलू द्या!

फ्लायओव्हरवर कोंडीत अडकलात, पलीकडच्या लेनमधून भरलेला ट्रक धडधडत गेला आणि पूल हलल्यासारखा वाटला? वाटला कसला, हललाच! पूल हलतो यात काही बिघडत नाही. इंजिनिअरांना घोर लागतो तो त्याची हलण्याची तऱ्हा बदलली की. ती तऱ्हा टिपण्यासाठी आता पुलांना सेन्सर लावतात. त्या दुनियेतल्या या काही झणझणीत गोष्टी.

१. हा सेन्सर तुमच्या खिशात आहे
मोबाइल आडवा धरला की चित्रही आडवं होतं, ती करामत अ‍ॅक्सेलरोमीटरची. चिपच्या पोटात सिलिकॉनच्या इवल्याशा स्प्रिंगांवर एक सूक्ष्म वजन तोललेलं असतं. चिप हलली की ते वजन किंचित मागे राहतं, आणि तेवढ्यावरून हालचाल मोजली जाते. पुलांवरचे कित्येक सेन्सर याच जातकुळीतले. फक्त कान जास्त तिखट आणि ऊनपाऊस सोसायची तयारी.

२. पुलालाही सूर असतो
तानपुऱ्याची तार सैल झाली की सूर उतरतो. पुलाचा ताठरपणा कमी झाला की त्याची वारंवारिता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, तशीच उतरते. बेअरिंग गंजून जाम झालं तर ती वाढूही शकते. गंमत म्हणजे हा सूर ऐकायला पुलाला मुद्दाम हलवावं लागत नाही. वारा आणि वाहनं ते काम चोवीस तास फुकटात करतात.

३. टॅक्सीवाल्यांनी तपासला गोल्डन गेट
सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावरून संशोधकांनी साधे मोबाइल ठेवलेल्या गाड्या १०२ वेळा नेल्या. शिवाय उबर चालकांच्या ७२ फेऱ्यांची माहिती घेतली. गाडीचे धक्के, इंजिनची थरथर, रस्त्याचा खडबडीतपणा हे सगळं गाळून पुलाचा स्वतःचा ठेका शोधून काढला. एमआयटीच्या संशोधकांचा सहभाग असलेला हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. या अजस्र पुलाच्या एका उभ्या झोक्याला साधारण साडेनऊ सेकंद लागतात, हे खिशातल्या फोनलाही कळलं.

४. दहा माणसं वाढली आणि...
लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० रोजी उघडला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. चालणाऱ्यांच्या पावलांनी तो आडवा डोलत होता, सात सेंटिमीटरपर्यंत! पूल डोलला की माणसं तोल सावरायला त्याच्याच तालात पावलं टाकत, आणि मग तो आणखी डोले. पुढे पुलावर मोजून माणसं चालवून चाचणी झाली. दीडशेच्या थोडं पुढे जाईपर्यंत सगळं शांत. आणखी दहा जण आले आणि पूल सुटलाच. अखेर झोके शोषून घेणारे डॅम्पर बसवून तो फेब्रुवारी २००२ मध्ये पुन्हा उघडला.

५. सैनिक हो, ताल सोडा!
१८३१ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॉटन इथला झुलता पूल सैनिकांची तुकडी तालात चालत असताना कोसळला. एक बोल्ट आधीच कच्चा होता, तालाने त्याचा निकाल लावला. तेव्हापासून ब्रिटिश लष्करात पुलावर कदम सोडून चालायचा दंडक आला. लंडनच्या अल्बर्ट पुलावर तशी पाटी आजही आहे.

६. विज्ञानासाठी फोडलेला पूल
स्वित्झर्लंडमधला झेड-२४ हा पूल पाडायचाच होता. मग संशोधकांनी संधी साधली. सुमारे वर्षभर त्याची कंपनं नोंदवली आणि १९९८ मध्ये पाडण्याआधी त्याला टप्प्याटप्प्याने मुद्दाम इजा केली. खरा धक्का दिला तो हवामानाने. पारा शून्याखाली गेला की पुलावरचं डांबर गोठून टणक व्हायचं आणि वारंवारिता वर चढायची! म्हणजे आकडा बदलला तर आधी तापमान बघायचं, मग घाबरायचं.

७. कापला तरी पत्ता नाही
अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या आय-४० पुलाची पोलादी तुळई १९९३ मध्ये प्रयोगासाठी थोडी थोडी कापत नेली. शेवटचा मोठा काप बसेपर्यंत वारंवारितेत सांगण्यासारखा फरकच दिसेना! अवाढव्य पुलात एका जागची जखम सहज लपून जाते. म्हणूनच सेन्सर एक लावून भागत नाही. पुष्कळ लावतात, आणि त्यांची घड्याळंही एकमेकांशी काटेकोर जुळवतात.

८. जन्मतःच ३२३ सेन्सर
१ ऑगस्ट २००७ रोजी मिनिआपोलिसमध्ये आय-३५डब्ल्यू पूल ऐन गर्दीच्या वेळी कोसळला आणि १३ जणांचा जीव गेला. जोडपट्ट्या मुळातच हव्या त्यापेक्षा पातळ होत्या, असं तपासात निघालं. वर्षभरात उभ्या राहिलेल्या नव्या पुलात ३२३ सेन्सर बसवले आहेत. मात्र एक मेख ध्यानात घ्या. सेन्सर कालच्या वागण्याशी आजचं वागणं ताडून बघतो. दोष पहिल्या दिवसापासूनचा असेल, तर सेन्सरला तोच पुलाचा स्वभाव वाटणार.

९. तार तुटल्याचा आवाज
गोव्यात मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या, बाहेरून ते दिसत नव्हतं. अशा दुखण्यावर वेगळा उपाय आहे. तार तुटते तेव्हा बारीकसा ‘टक्’ होतो, आणि तो पुलाच्या अंगातून पुढे सरकतो. स्कॉटलंडच्या फोर्थ रोड पुलाच्या मुख्य केबलांवर २००६ मध्ये असेच ‘कान’ बसवले. कुठली तार कुठे तुटली, याचा अंदाज त्यातून येतो.

१०. कोकण रेल्वेची पहाऱ्यावरची यंत्रं
सगळेच सेन्सर पुलाचं हलणं मोजत नाहीत. काही त्याला हलवणाऱ्यावर नजर ठेवतात. कोकण रेल्वेने रत्नागिरीजवळच्या पानवल पुलावर, गोव्यात मांडवी आणि झुआरीवर, कर्नाटकात शरावतीवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं बसवली आहेत. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांवरच्या पुलांवर पाण्याची पातळी धोक्याकडे गेली की इशारा देणारी यंत्रणा आहे. महाडजवळ याच सावित्रीवरचा महामार्गाचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, हे कोकण अजून विसरलेलं नाही.

तेव्हा सेन्सर कितीही हुशार असो, त्याचं काम इशारा देण्यापुरतंच. कुठल्या आकड्याला गाडी थांबवायची, कुठल्या आकड्याला रस्ता बंद करायचा आणि तो निर्णय मध्यरात्री दोन वाजता कुणी घ्यायचा, हे पाऊस पडायच्या आधी माणसांनीच ठरवून ठेवायचं असतं.