पारोसा कोणाला म्हणावे?



वैशाखातील संध्याकाळ आहे, समुद्रावरचे वारे अजून सुटलेले नाही, आणि या सभागृहात बसलेल्या बहुतेकांनी घरून निघण्यापूर्वी दिवसातील दुसरी आंघोळ उरकलेली आहे. तरीही पंख्याखालची जागा मिळावी म्हणून थोडी धांदल झालीच! तेव्हा आजचा विषय निवडण्यास याहून योग्य दिवस नाही. माणसाने किती वेळा आंघोळ करावी, आणि हे ठरवतो कोण, एवढाच प्रश्न मी आपणापुढे मांडणार आहे. प्रश्न दिसतो घरगुती. पण त्याचे एक टोक आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात फार खोल रुतलेले आहे. तेथपर्यंत आपणास जावयाचे आहे.

प्रथम आपली भाषा पाहा. ज्याची आंघोळ व्हावयाची आहे त्याला आपण ‘पारोसा’ म्हणतो. इंग्रजीत याला एका शब्दाचा प्रतिशब्द शोधून पाहा, सापडणार नाही. आपल्याकडे आंघोळ निराळी आणि न्हाणे निराळे. आंघोळ रोजची, न्हाणे डोक्यावरून आणि वाराने. दिवाळीचे अभ्यंग वेगळे, स्मशानातून आल्यावरचे सचैल स्नान वेगळे, आणि मुलाने दोन तांबे ओतून पळ काढला तर ती कावळ्याची आंघोळ. ज्या गोष्टीसाठी भाषा इतके शब्द राखते, ती गोष्ट त्या समाजाच्या मनात मोठी असते. त्यात वावगे काही नाही. वावगे तेव्हा होते, जेव्हा आपण आपला तांब्या हेच जगाचे माप समजू लागतो, आणि जो रोज नाहत नाही तो घाणेरडा, असा निकाल देऊन मोकळे होतो.

माझे म्हणणे असे की, आंघोळीचे वेळापत्रक मुळात तीन गोष्टी ठरवतात : हवा, पाणी आणि जळण. रूढी मागाहून येते आणि जे आधीच ठरलेले असते त्यावर आपला शिक्का मारते.

हवेपासून आरंभ करू. मे महिन्यात नागपूरचा पारा ४३ अंशांच्या आसपास जातो. अलिबागचा ३२-३३ अंशांवर रेंगाळतो. पारा पाहिला तर नागपूरकराने आपल्यापेक्षा अधिक वेळा नाहावयास हवे. पण घामाने चिंब होतो तो आपण. याचे कारण घामाच्या कामात आहे. घाम येऊन शरीर थंड होत नाही. घाम वाळून थंड होते. एक ग्रॅम घाम वाळताना अंगातील सुमारे ५८० उष्मांक घेऊन जातो. (हे पदार्थविज्ञानातले लहान उष्मांक, आहाराच्या कोष्टकातले नव्हेत.) नागपूरच्या कोरड्या हवेत घाम आला की उडून जातो, कधी तर तो आल्याचेही कळत नाही. आपल्याकडची हवा आधीच पाण्याने भरलेली. ती आणखी पाणी घेईल कोठून? म्हणून आपला घाम वाळत नाही, वाहतो. वाळ्याचे ताटे लावलेला कूलर विदर्भात घर गार करतो आणि तोच आमच्या किनाऱ्यावर आणला तर खोली केवळ ओली करतो. त्याचे कारण हेच.

आणि घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. त्वचेवरचे सूक्ष्मजंतू, विशेषतः काखेत आणि जांघेत, त्यावर पोसतात आणि वास उत्पन्न करतात. ओलावा जितका टिकेल तितके त्यांचे फावते. सारांश, दमट प्रदेशातील माणसाला दिवसातून दोनदा नाहावेसे वाटते त्यात पुण्याचा भाग थोडा आणि हवेचा भाग मोठा आहे.

जगावर नजर टाकली तर हाच नियम दिसतो. इंडोनेशियात सकाळ-संध्याकाळ नाहतात. न्हाणीत पाण्याची टाकी आणि तिच्यातून अंगावर पाणी ओतावयास दांड्याचे भांडे, म्हणजे आपल्या तांब्याचा भाऊच. ब्राझीलमध्ये दिवसातून दोनदा नाहणारी माणसे पुष्कळ. हा देश पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. तेच पोर्तुगीज १७४० पर्यंत आपल्या रेवदंड्यास ठाण मांडून होते, आणि कोर्लईत त्यांच्या भाषेची एक बोली आजही घरोघर बोलली जाते. पण ब्राझीलला रोजची आंघोळ युरोपने शिकवली नाही. तेथील मूळ रहिवासी नदीत नित्य डुंबत असत आणि त्याचे आश्चर्य गोऱ्या पाहुण्यांनाच वाटे.

आता उलट टोकास जाऊ. आफ्रिकेतील नामिबिया देशाच्या कोरड्या वायव्य भागात हिंबा नावाचे पशुपालक लोक राहतात. त्यांच्या स्त्रिया पाण्याने क्वचितच नाहतात. त्या लोणी आणि गेरूसारखी तांबडी माती यांचा लेप अंगास लावतात आणि सुगंधी झाडपाल्याची धुरी घेतात. पाणी गुरांना आणि पोरांना पिण्यास पुरले तरी पुष्कळ, अशी तेथील स्थिती. त्या स्त्रिया अस्वच्छ आहेत काय? त्यांच्या दृष्टीने लेपाविना बाहेर पडणारी बाई म्हणजे पारोशी! इस्लाम धर्म वाळवंटात उदयास आला. नमाजापूर्वी हातपाय धुण्याचा त्याचा दंडक कडक, पण पाणी नसेल तेथे स्वच्छ माती वा वाळूने ते काम भागवण्याची मुभा त्याने दिली. तिला तयम्मुम म्हणतात. लडाखच्या हिवाळ्यात पाणी गोठते, हवा कोरडी असते, घाम येत नाही. तेथे रोज नाहण्याचा आग्रह धरणे म्हणजे न्युमोनियाला आमंत्रण नसले तरी कातडी फोडून घेणे खासच.

थंड देशांचे कोडे जळणाने उलगडते. वीस लिटरची एक बादली घ्या. आपल्याकडे विहिरीचे पाणी पंचवीस अंशांचे धरले तर ते चाळिसावर नेण्यास ३०० किलो-उष्मांक लागतात. युरोपच्या हिवाळ्यात पाणी पाच अंशांचे असते. त्यास ७०० लागतात. शिवाय साध्या चुलीत जळणाची बहुतेक उष्णता वायाच जाते. आपल्या वाडीत सुकलेल्या झावळ्या आणि नारळाची सोडणे फुकट मिळतात, आणि फुकट न मिळाली तरी थंड पाणी अंगावर घेऊन कोणी मरत नाही. लंडनच्या मजुराने जानेवारीत काय करावे? मध्ययुगात युरोपातील शहरांत सार्वजनिक स्नानगृहे होती. सोळाव्या शतकात रोगराईच्या धास्तीने ती बहुतेक बंद पडली. गरम पाण्याने त्वचेची रंध्रे उघडतात आणि रोग आत शिरतो, असे वैद्य सांगू लागले. मग श्रीमंतांनी अंग धुण्याऐवजी आतला पांढरा सदरा वरचेवर बदलण्याची युक्ती काढली. लिव्हरपूलला मजुरांसाठी धुण्या-नाहण्याचे सार्वजनिक घर १८४२ मध्ये निघाले आणि १८४६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने अशा घरांसाठी कायदा केला. आपण आज ज्याला शाम्पू म्हणतो तो शब्द मूळ हिंदीतील ‘चाँपो’, म्हणजे अंग चेपा! पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रायटनला स्नानगृह काढून तो इंग्रजांच्या तोंडी रुळवला. म्हणजे रोज नाहणारा साहेब ही नळाची आणि कोळशाची करणी आहे, वंशाची नव्हे.

मग जपान थंड असून रोज कसा नाहतो? त्या देशाच्या पोटात ज्वालामुखी आहेत. गरम झरे जागोजाग. आपल्या महाडजवळ सवला जसे ऊन पाण्याचे झरे आहेत, तसे तेथे हजारोंनी. त्यातून गरम पाण्यात बुडून बसण्याची आवड मुरली. घरातही माणसे आधी बाहेर बसून साबणाने अंग स्वच्छ धुतात आणि मग टाकीतील कढत पाण्यात बसतात. त्याच पाण्यात घरातील सारी माणसे एकामागून एक बसतात. आपण नाक मुरडू. पण सारे कुटुंब एका पाण्यात भागवते, हा जळणाचा हिशेब किती चोख आहे! गंमत अशी की, पूर्व आशियातील पुष्कळ लोकांच्या घामाला एका आनुवंशिक गुणामुळे वास फारच कमी असतो. वासासाठी नाहावयाचे असते तर त्यांनी आठवड्यातून एकदाच नाहले असते. ते ऊब आणि विसावा यांसाठी नाहतात.

आता घरी परत येऊ. आपल्या किनाऱ्याची मौज अशी की, पाणी दिसते सर्वत्र आणि आंघोळीस निरुपयोगी. समुद्राच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, आणि अंगावर राहिलेले मीठ हवेतील ओल ओढून घेते. म्हणून होडीतून परतलेला कोळी घरी येऊन गोड्या पाण्याचे दोन तांबे ओतून घेतो तेव्हाच त्याला सुटल्यासारखे होते. जंजिरा किल्ला भर समुद्रात तगला तो त्याच्या पोटातील गोड्या पाण्याच्या तलावांवर.

अष्टागरातील वाड्या गोड्या पाण्यावर उभ्या आहेत. चौल, नागाव, रेवदंडा येथे विहिरीवर रहाट फिरे, पाण्याचा पाट सुपारीच्या बुंध्याशी जाई, आणि न्हाणीचे सांडपाणी केळीस व अळूस मिळे. आंघोळ म्हणजे पाण्याची उधळपट्टी असे तेथे कोणास वाटलेच नाही. अंगावर ओतलेले पाणी नारळाच्या रूपाने परत येई. पण तेथून फार दूर न जाता पेण-अलिबागच्या खारेपाटात चला. पाऊस तोच, दोन हजार मिलिमीटरांच्या वर. हवा तीच, घाम तोच. पण जमीन खाडीपासून बांध घालून मिळवलेली, विहीर खणावी तर खारट. पावसाळ्यात भरलेल्या तळ्यावर जितके दिवस निघतील तितके काढावयाचे, आणि पुढे टँकरची वाट पाहावयाची, असे उन्हाळे त्या गावांनी वर्षानुवर्षे काढले. आणि त्याच पेण तालुक्यातील हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईच्या नळांना जाते.

येथे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. शहराच्या पाणीपुरवठ्याचा आराखडा करताना माणशी रोज १३५ लिटर धरण्याचा प्रघात आहे, आणि त्यांपैकी ५५ लिटर एकट्या आंघोळीचे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेने खेड्यातील माणसाला रोज द्यावयाचे पाणी ठरवले तेही ५५ लिटरच. पण ते पिणे, रांधणे, भांडी, धुणे आणि आंघोळ सगळे मिळून! पाच माणसांच्या घरात प्रत्येकी पंधरा लिटरची आंघोळ म्हटली तरी पंचाहत्तर लिटर, म्हणजे पंचाहत्तर किलो वजन. नळ नसेल तेथे हे वजन घरातील बाईच्या डोक्यावरून येते. घरातील पुरुष रोज शुचिर्भूत होतो त्याचे पुण्य कोणाच्या खात्यावर मांडावे, हे आपणच ठरवा.

आणि आता, आरंभी म्हटले ते टोक. १९२७ साली आपला जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. महाडचे चवदार तळे सार्वजनिक होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले असल्याचे ठरवले होते. तळ्यावर इतर धर्मांची माणसे पाणी भरीत, गुरेढोरे पाणी पीत. फक्त काही माणसांना मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर त्या पाण्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. कशाने? १०८ घागरी गोमूत्र, शेण, दूध, दही ओतून! पुढे न्यायालयात दहा वर्षे झगडा चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल तळे खुले करण्याच्या बाजूने लागला.

श्रोतेहो, या घटनेकडे आजच्या विषयाच्या दृष्टीने पाहा. एखाद्याला पाणवठ्यावरून हाकलावयाचे, आणि मग तो नाहत नाही म्हणून अमंगळ ठरवावयाचे, याहून सोयीचे तर्कशास्त्र दुसरे नाही. आंघोळीची चर्चा एरवी साबणाच्या फेसासारखी हलकी. पण ‘स्वच्छ’ या शब्दाच्या जागी ‘शुद्ध’ हा शब्द येऊन बसला की ती जड होते. स्वच्छता पाण्याने येते. शुद्धता मात्र कोणाला पाणी द्यावयाचे नाही, यावर उभी राहू शकते.

मग आपण करावे काय? आरोग्याचे म्हणाल तर रोज सर्वांगाला साबण फासण्याची गरज शरीराला नाही. त्वचेचे तेल धुऊन गेले की ती कोरडी पडते. घाम साचतो त्या जागा, म्हणजे काख, जांघ, पाय, रोज धुवाव्यात. बाकी अंगाला साधे पाणी पुरे. आणि रोग खरोखर टळतात ते हात धुण्याने. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्यात हात धुवावयास लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. २०२० च्या साथीत तोच धडा साऱ्या जगाने पुन्हा गिरवला. सकाळी सोवळ्याने नाहून जेवणापूर्वी हात न धुणाऱ्यापेक्षा, दोन दिवस पारोसा राहून हात धुणारा शेजाऱ्यास कमी धोक्याचा.

रोज नाहा, जरूर नाहा. आपली हवा तशीच आहे, आणि उन्हाळ्यात दोनदा नाहलात तरी मी दोष देणार नाही. मात्र अंगावर पहिला तांब्या घेताना हे पाणी कोठून आले आणि कोणी आणले, एवढे एकदा आठवावे. आणि दुसऱ्याला पारोसा म्हणण्यापूर्वी त्याच्या दारी नळ आहे का, ते पाहून यावे.