हा बॉल टाकला कुणी?

ताशी ऐंशी किलोमीटरने आलेला लेदर बॉल बोटांवर बसला की काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आता तेवढीच एनर्जी अणूपेक्षाही लहान अशा एकाच कणात आहे, अशी कल्पना करा. २७ मे २०२१ रोजी असा कण अमेरिकेतल्या युटा राज्यावर खरंच येऊन आदळला. हवेत त्याच्यामुळे अब्जावधी कणांचा सडा पडला आणि 'टेलिस्कोप अ‍ॅरे'च्या २३ डिटेक्टर्सनी तो टिपला. जपानी सूर्यदेवतेवरून त्याला नाव मिळालं, 'अमातेरासू'.

पण टाकला कुणी? तो आला त्या दिशेला आकाशगंगा जवळपास नाहीतच! बरं, फार लांबूनही तो येऊ शकत नाही. बिग बँगनंतर विश्वात उरलेले मायक्रोवेव्ह अशा कणांची एनर्जी वाटेतच खातात, हे गणित १९६६ मध्येच मांडलं गेलंय.

इथे एंट्री होते डार्क मॅटरची. साध्या पदार्थाच्या पाचपट असलेलं, पण फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं. त्याचे कण प्रचंड जड असतील आणि त्यातला एखादा क्वचित फुटत असेल तर? मग बॉलरच नको. फटाका फुटतो तसे तुकडे उडणार, आणि तेही आपल्याच आकाशगंगेतून, कारण ती डार्क मॅटरमध्येच बुडालेली आहे. आयडिया भारी आहे ना?

भारी आहेच, कारण ती तपासता येते. असे कण फुटले तर सोबत अतिशय ताकदवान फोटॉनही भरपूर यायला हवेत. अर्जेंटिनातली पिअर ओजे वेधशाळा ३००० चौरस किलोमीटरवर, म्हणजे गोव्यापेक्षा थोड्याच लहान पट्ट्यावर, वर्षानुवर्षं ते शोधतेय. अजून एकही पक्का सापडलेला नाही. शिवाय आकाशगंगेच्या मध्याकडे डार्क मॅटर जास्त, म्हणजे कणही तिकडूनच जास्त यायला हवेत. ओजेने २०१७ मध्ये दाखवलं, की बऱ्याच ताकदवान कणांचा कल तिकडे नाहीच, ते आपल्या आकाशगंगेबाहेरून येतात.

म्हणजे डार्क मॅटर मुख्य बॉलर नाही. एखाददुसरा बॉल त्याचा असेलही, तेवढी फट अजून उघडी आहे. कदाचित वाटेतल्या चुंबकीय क्षेत्रांनी अमातेरासूला वळवलं असेल आणि खरा बॉलर भलत्याच एंडला उभा असेल.

त्यामुळे पुढच्या वेळी एखादं रील 'हे सगळं डार्क मॅटरनेच केलं' असं छातीठोक सांगायला लागलं, की कमेंटमध्ये एवढंच विचारा: मग फोटॉन कुठे आहेत?